किर्दीबाहेरचा दिवस

तेरणा नदीच्या काठी एक गाव होतं. गावातल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे फार मोठं काही नव्हतं. एक पत्र्याचं गोदाम, एक वजनकाटा, सोयाबीन आणि तूर चाळायचं एक यंत्र, आणि हजार-दोन हजार रुपये भरून सभासद झालेली माणसं. कुणी पगारातून भरले होते, कुणी उसन्यातून. एका बाईने शेळी विकून भरले होते.

कंपनीचा हिशेब आबांकडे होता. आबांची सारी नोकरी विकास सोसायटीत गटसचिव म्हणून गेलेली. रोजची किर्द रोज लिहायची आणि शिल्लक जुळल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. एकदा चार आणे जुळेनात म्हणून मध्यरात्रीपर्यंत कंदिलाच्या उजेडात बसले होते, असं गावात सांगत. चार आणे सापडले की नाही हे मात्र कुणी सांगत नसे. गळ्यात तुळशीची माळ, खिशात एक छोटी डायरी. डायरीत आकड्यांशिवाय दुसरं काही नसे.

लागोपाठ दोन हंगाम टोमॅटोचा भाव पडला. तोडणीची मजुरीही निघेना. लोकांनी क्रेटच्या क्रेट रस्त्याकडेला ओतून दिले. मग कंपनीच्या बैठकीत ठरलं, की टोमॅटोचा आणि पेरूचा गर काढायचं यंत्र घ्यायचं. नवं परवडणारं नव्हतं. कंपनीचा मॅनेजर शेतकी इंजिनीअर झालेला तरुण पोरगा होता. त्याने शोधून काढलं, की इटलीच्या दक्षिणेला, नेपल्सच्या खालच्या अंगाला, टोमॅटोचे कारखाने पुष्कळ आहेत आणि तिथे वापरलेली यंत्रं दुरुस्त करून विकतात. किंमत जमण्यासारखी होती. फोटो आले, व्हिडिओ आले. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

आबा म्हणाले, “बैलसुद्धा दात बघितल्याबिगर घेत न्हाईत.”

म्हणून मॅनेजरने जायचं ठरलं. आणि पैसा ज्यांच्या सहीने निघतो त्यांनीही जावं, असं लोकांनी ठरवलं. आबा नको नको म्हणाले. लोकांनी ऐकलं नाही. गौरी-गणपती उरकल्यावर निघायचं आणि पितृपंधरवडा लागायच्या आत व्यवहार करून परतायचं, असा बेत ठरला. सूनबाईने धपाटे बांधून दिले, शेंगदाण्याची चटणी दिली. धाकट्या लेकीने दीडशे युरो बदलून आणून हातावर ठेवले. “लेकरांना काहीतरी आणा,” ती म्हणाली. आबांनी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि खिशाला पिन लावली.

सालेर्नो नावाच्या शहरात त्यांनी मुक्काम केला. रोज सकाळी आगगाडीने वर्कशॉपला जायचं. टोमॅटोचा हंगाम सरत आला होता, तरी रस्त्यावर लाल रंगाने भरलेले ट्रक होतेच. आबा खिडकीतून ट्रक मोजत होते. शेतांच्या पलीकडे एक मोठा डोंगर दिसत होता. मॅनेजरने सांगितलं, तो व्हेसुव्हियस. आबांनी डोंगराकडे बघितलं आणि पुन्हा ट्रककडे नजर वळवली.

वर्कशॉपचा मालक म्हातारा होता. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याची मुलगी इंग्रजीत बोले, मॅनेजर ते आबांना मराठीत सांगे. मालकाने यंत्र आधी पाण्यावर चालवून दाखवलं, मग टोमॅटोवर. आबा म्हणाले, “असं न्हाई. आत गेलेलं तोला. बाहेर आलेलं तोला. गर येगळा, साल-बी येगळं.” मुलीने बापाला सांगितलं. म्हातारा हसला आणि त्याने खिशातून स्वतःची वही काढली. दोन दिवस दोघेही आपापल्या वहीत लिहीत राहिले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण आकडे दोघांनाही वाचता येत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आकड्यांना आकडे मिळाले. सौदा झाला. म्हाताऱ्याने कॉफी पाजली. आबांनी धपाटा दिला.

परतीचं विमान एक दिवस सोडून होतं.

रात्री मॅनेजर खुशीत होता. म्हणाला, “आबा, उद्या सकाळी सातला खाली या. बस येणार आहे.”

“कुठं जायलाव?”

“फिरायला. एका दिवसात सगळं दाखवतात. पाँपेई, नेपल्सचं म्युझियम, येताना प्रवाळाचं दुकान. मी बुकिंग केलंय.”

आबांनी डायरी काढली. “किती?”

“माणशी शंभर युरो.”

“कुठं टाकलेत?”

मॅनेजर जरा घुटमळला. “स्थानिक प्रवासात.”

आबांनी चष्मा पुसला. आवाज न चढवता म्हणाले, “शंभर युरो म्हंजे आपले नऊ-धा हजार. दोघांचे ईस. कोणत्या कामाचा प्रवास म्हणून लिव्हायचं?”

“आबा, इतक्या लांब आलो. काम झालं. एक दिवस बघितलं तर काय बिघडलं? सगळेच करतात असं.”

“बघायला माझी ना न्हाई, लेकरा. कुणाच्या पैशानं बघायचं, एवढंच इचारतो. त्या बाईनं शेळी इकली ती काय डोंगर बघायला का?”

पोरगा गप्प झाला. तो लबाड नव्हता. एवढा विचार त्याने केला नव्हता, इतकंच. थोड्या वेळाने म्हणाला, “बरोबर आहे. माझे मी भरतो. तुमचं काय करू?”

“मला न्हाई बघायचं. मी खोलीत बसतो. हरिपाठ करतो.”

“पण पैसे परत मिळत नाहीत.”

आबांनी मान वर केली. “गेलं न्हाई तर वाया?”

“वाया.”

हे आबांना झेपण्यासारखं नव्हतं. फुकट फिरणं जितकं पाप, तितकंच पैसे भरलेलं फुकट घालवणं. ते बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग बंडीची पिन काढली, लेकीने दिलेल्यातले शंभर युरो मोजून मॅनेजरच्या हातावर ठेवले. ‘स्थानिक प्रवास’ या ओळीवर रेघ मारली. डायरीचं अगदी मागचं कोरं पान उघडलं, त्यावर ‘खाजगी’ असं लिहिलं आणि झोपले.

सकाळी बस आली. देशोदेशीची माणसं. पुढे एक बाई, तिच्या हातात काठी आणि काठीला पिवळा रुमाल. रुमाल हलला की सगळ्यांनी निघायचं. पताकेमागे चालायची आबांना जन्माची सवय होती. ते कुठेही मागे राहिले नाहीत. निदान सुरुवातीला तरी नाही.

पाँपेईला दोन तास मिळाले. ते गाव इसवी सन 79 मध्ये, त्याच डोंगराच्या राखेखाली गेलेलं. आता त्यातलं बरंचसं राख काढून मोकळं केलेलं. गाव म्हणजे घरं, भिंती, रस्ते, पण वर छप्पर नाही आणि आत माणूस नाही. बाई भरभर सांगत होती, मॅनेजर भरभर फोटो काढत होता. आबा रस्त्याकडे बघत होते. फरशीच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी चाकोऱ्या पडल्या होत्या. आबांनी वाकून चाकोरीत चार बोटं धरून बघितली. एका घरात काळ्या दगडाची जाती होती, पुरुषभर उंचीची. गाढवं फिरवत ती, बाई म्हणाली. शेजारी भट्टी. पिवळा रुमाल हलला.

मग चौक आला. मोठा, मोकळा, बाजाराच्या गावाला असतो तसा. चौकाच्या एका बाजूला, देवळाच्या भिंतीत, एक कोनाडा होता आणि कोनाड्यात दगडाचं मेज. मेजावर गोल खळगे कोरलेले, काही मोठे, काही लहान. प्रत्येक खळग्याच्या तळाला एक भोक. लोक त्यावरून नजर फिरवून पुढे गेले. त्यात सोनं नव्हतं, चित्र नव्हतं. आबा थांबले.

त्यांनी पहिल्या खळग्याकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. “चिपटं,” ते स्वतःशीच म्हणाले. “मापटं. शेर. अधुली. ही पायली.”

रुमाल दूर गेला. मॅनेजर धावत परत आला. “आबा, चला, बस सुटेल!”

“आरं, हे माप हाय.”

“असेल. चला.”

“त्या बाईला इचार, भोक कशाला ठिवलंय.”

मॅनेजरने कपाळाला हात लावला, पण गेला. आणि बाई चांगली निघाली. रोज नवी माणसं आणि तेच प्रश्न, याचा तिला कंटाळा आला असावा. ती परत आली. म्हणाली, ही गावाची सरकारी मापं. धान्य वरून भरायचं, काठोकाठ झालं की तळाचं भोक उघडायचं, ते थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडतं. दुकानदाराने फसवू नये म्हणून गावाने चौकात ठेवलेली. आधी इथे जुनी स्थानिक मापं होती. पुढे रोमची मापं लागू झाली, तेव्हा हेच खळगे कोरून ती जुळवून घेतली. तसा लेखही दगडावर आहे.

मॅनेजरने ते मराठीत सांगितलं. आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. “म्हंजे हितंबी मापात मारत व्हते,” ते म्हणाले, “आन् हितंबी कुणीतरी इचार केलता.”

मॅनेजरने ते बाईला इंग्रजीत सांगितलं. बाई मोठ्याने हसली.

त्यानंतर मॅनेजरने फोटो काढणं कमी केलं. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी बस नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयापाशी थांबली. तासाभराचा वेळ, मग प्रवाळाच्या दुकानाकडे. दालनं मोठमोठी, पुतळे मोठमोठे. एका दालनात पाँपेईत सापडलेल्या, चारचौघांत मांडू नयेत अशा वस्तू ठेवलेल्या होत्या. पूर्वी ते दालन कुलपात असे. आबा चुकून तिथे शिरले आणि काय आहे ते ध्यानात येताच मान खाली घालून रामकृष्णहरी म्हणत बाहेर निघाले. मान खाली होती म्हणून भिंती दिसत नव्हत्या. पण वाटेतल्या एका काचेच्या पेटीत एक वीतभर उंचीची हस्तिदंती बाई उभी होती, आणि ती दिसली.

आबा पुन्हा थांबले.

बाईच्या अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नव्हतं. आबांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. पायात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वाळे आणि तोडे. हात बांगड्यांनी भरलेला. कमरेला मेखला. पाठीवर लांब वेणी. दोन्ही अंगाला दोन छोट्या दासी, साजशृंगाराचं सामान घेऊन उभ्या.

“ही आपल्याकडची हाय,” आबा म्हणाले.

मॅनेजरने पाटी वाचली. बाई भारतातली होती. पाँपेईत एका घराच्या ढिगाऱ्यात 1938 मध्ये मिळाली. राख पडली त्याच्या आधीच ती त्या घरात येऊन राहिली होती.

“भारतातली म्हंजे कुठली?”

मॅनेजरने मोबाइल काढला. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला. “आबा, लोक आधी हिला लक्ष्मी म्हणत होते. आता यक्षी म्हणतात. आणि... अशाच घाटणीची हस्तिदंती बाई आपल्याकडे दोन ठिकाणी मिळालीय. एक भोकरदनला. एक तेरला.”

“कुठल्या तेरला?”

“आपल्या.”

आबांचं गाव तेरपासून चार कोसांवर. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला ते लहानपणापासून जात. समाधीचं दर्शन घ्यायचं, त्रिविक्रमाच्या जुन्या विटांच्या देवळाला प्रदक्षिणा घालायची, नदीवर बसून शिदोरी सोडायची. तिथलं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय त्यांना बाहेरून माहीत होतं. पावसाने पांढरीची टेकाडं धुपली की वर येणारे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या लामतुऱ्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, हेही ऐकून माहीत होतं. आत जायला मात्र कधी वेळ झाला नव्हता. यात्रेला गेलेल्या माणसाला परतीच्या एसटीची घाई असते.

पिवळा रुमाल आला. प्रवाळाच्या दुकानाची वेळ झाली होती.

मॅनेजर म्हणाला, “आबा, बस जाऊ द्या. आपण आगगाडीनं जाऊ.”

आबांनी विचारलं, “पैसे?”

“माझ्याकडून.”

बस गेली. संग्रहालय बंद व्हायची घंटा होईपर्यंत दोघे त्या पेटीपाशी होते. राखणदाराने दोनदा येऊन बघितलं, आणि तिसऱ्यांदा त्यांना एक स्टूल आणून दिलं.

आगगाडीत गर्दी होती. आबांनी विचारलं, “हिला हितवर आणलं कुणी?”

मॅनेजर मोबाइलमध्ये शोधत होता. म्हणाला, “हिला कुणी आणलं ते कुठंच नाही. पण एक पुस्तक आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं, ग्रीक भाषेतलं. इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्यानं लिहिलेलं. जहाजानं आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांसाठी. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, वारा कधी सुटतो, नदीच्या तोंडाशी जहाज कसं सांभाळायचं. त्यात तेर आहे.”

“नाव घालून?”

“तगर म्हणून. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, फार मोठं नगर. तगरहून साधं कापड पुष्कळ येतं, मलमल येते, ते सगळं गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, असं लिहिलंय.”

आबा खिडकीबाहेर बघत होते. अंगरी गेलं, नोचेरा आलं. टोमॅटोचे ट्रक अजून उभेच होते.

“तो माणूस तेरला आलता का?”

“नसावा. बंदरावरच ऐकलं असेल.”

“म्हंजे आपल्या गाडीवाल्यांनी सांगितलं.”

“असंच असणार.”

“त्यानं इचारलं म्हणून सांगितलं. न्हाईतर कापड घ्यायचं, पैसे द्यायचे, वाटेला लागायचं. त्याला काय करायचं व्हतं गाव कुठलं, किती दिवसांवर ते?” आबा थोडं थांबले. “नाव काय त्याचं?”

“नाव नाही राहिलं.”

“आन् आपल्या गाडीवाल्यांनी काई लिव्हून ठिवलं का? भडोच कसं, समुद्र कसा, ही परदेशी माणसं कशी?”

“तसं काही मिळालेलं नाही, आबा.”

आबांनी खिशातून डायरी काढली. मागचं पान उघडलं. ‘खाजगी’ या शब्दाखाली काल नुसता शंभराचा आकडा लिहिलेला होता. त्याच्या खाली त्यांनी लिहायला सुरुवात केली. आकडे नाही, वाक्यं. दगडाचं मेज. खळगे किती आकारांचे. तळाला भोक कशासाठी. चाकोरीची खोली चार बोटं. जातं गाढवानं फिरवायचं. बाईचे तोडे कुठवर. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. सालेर्नो आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी ते पुरं केलं.

महिन्याभराने कंपनीची सभा भरली. यंत्र बंदरावर येऊन पडायचं होतं, आणि त्याआधी सभासदांना प्रवासाचा हिशेब हवा होता. गोदामात सतरंज्या टाकल्या. आबांनी किर्द वाचून दाखवली. विमान इतकं, लॉज इतकं, आगगाडी इतकी, यंत्राचा विसार इतका. एकेक ओळ, एकेक पावती.

प्रत्येक गावात एक माणूस असतो, जो सभेला पहिला येतो, शेवटी जातो आणि मध्ये कुणाला नीट बसू देत नाही. याही गावात तो होता. तो उठला.

“आबा, समदं बरोबर हाय. पण तुमी गेलाव तवापासून आलाव तवापर्यंतचे दिवस मी बोटावर मोजलेत. एका दिवसाचा खर्चच न्हाई. सकाळचा च्यासुदिक न्हाई. त्या दिवशी तुमी काय उपाशी व्हताव का?”

लोक हसले. मॅनेजर खाली बघू लागला.

आबा म्हणाले, “न्हाई. त्या दिवशी आमी फिरायला गेलतो. सौदा झाला व्हता, कंपनीचं काम नव्हतं. खर्च आमचा आमी केला. म्हणून किर्दीत न्हाई.”

“त्यातून कंपनीला काय मिळालं?”

“काईच न्हाई.”

तो माणूस उभाच राहिला. पुढे काय विचारावं हे त्याला सुचेना. मग म्हणाला, “बरं, बघितलं काय ते तर सांगा.”

आबांनी डायरी उलटी केली आणि मागून वाचायला घेतलं.

पाच मिनिटांत संपेल असं त्यांना वाटलं होतं. पण मापांच्या मेजापाशी पहिली अडचण आली. जुन्या माणसांत वाद लागला, शेराची चिपटी चार की सहा. चार ठरली. ज्याच्याकडे गावातली धान्याची आडत होती, त्याने तळाच्या भोकाबद्दल ऐकल्यावर उगाच छताकडे बघितलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग हस्तिदंती बाई आली. मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या. तोडे पोकळ होते की भरीव, वेणीत काही माळलं होतं का, दासींच्या हातात काय होतं, नीट सांगा. आबांना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी सांगितलं, उरलेलं मॅनेजरने मोबाइलवर दाखवलं. मग भडोच, पैठण, तेर. बैलगाडीने दहा दिवस आणि वीस दिवस म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने हिशेब घातला, की जाऊन-येऊन दोन महिने, आणि मध्ये पाऊस लागला तर विचारूच नका. दिवे लागायची वेळ झाली. चहा दोनदा आला. यंत्राचा विषय पत्रिकेवर तसाच राहिला.

ज्या नावाशिवायच्या व्यापाऱ्याची गोष्ट आबांनी त्या दिवशी सांगितली, तो खरोखर होऊन गेला. तो धंद्यासाठीच निघाला होता. माल विकला, माल घेतला, की त्याचं काम संपत होतं. तरी त्याने जे बघितलं आणि जे कानावर आलं ते पुढच्यांसाठी लिहून ठेवलं. तेरचं नगर मोडलं, वर शेतं झाली, तगर हे नाव पुसटलं. ते शोधताना पंडित कधी देवगिरीला गेले, कधी जुन्नरला. 1901 मध्ये फ्लीट नावाच्या अभ्यासकांनी ते नगर म्हणजे हेच तेर असं दाखवलं, तेव्हा त्यांच्याही हाताशी त्या व्यापाऱ्याच्या त्याच चार ओळी होत्या. ज्यांनी कापड विणलं आणि ज्यांनी गाड्या हाकल्या, त्यांचं स्वतःचं असं काही राहिलं नाही. त्यांनी कुणा परक्याला बंदरावर दोन शब्द सांगितले, तेवढेच टिकले. त्या व्यापाऱ्याने ज्या दिवशी गाडीवाल्यांशी गप्पा मारल्या, त्या दिवसाचा खर्च कुठल्या खात्यावर टाकला असेल, कोण जाणे.

सभा उठायला आली तेव्हा तोच माणूस पुन्हा उभा राहिला.

“आबा, ते मागचं पान प्रोसिडिंगला घ्या.”

आबा म्हणाले, “ते खाजगी हाय.”

“खर्च खाजगी. सांगितलं तुमी सभेत. सभेत जे बोललं ते प्रोसिडिंगला येतं. तुमीच शिकिवलंय.”

आबांना उत्तर देता येईना. सोसायटीत इतकी वर्षं त्यांनीच हा नियम लोकांना ऐकवला होता. मॅनेजरने प्रोसिडिंग बुक पुढे केलं. आबांनी चष्मा लावला आणि डायरीतलं सगळं, चाकोरीच्या चार बोटांसकट, नव्या पानावर उतरवलं. सूचक तो माणूस झाला. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर शेळी विकून भाग घेतलेल्या बाईने हात वर केला.

दुसरा ठराव आयत्या वेळच्या विषयात आला. येत्या रविवारी कंपनीच्या टेम्पोतून सगळ्यांनी तेरला जायचं आणि संग्रहालय आतून बघायचं. कुणाचा विरोध नव्हता. डिझेलचा खर्च कंपनीवर न टाकता जाणाऱ्यांनी आपसांत वाटून घ्यावा, अशी दुरुस्ती आबांनी सुचवली. थोडी कुरकुर झाली, मग तीही मंजूर झाली.